खारबावचा ख आणि ख़ानचा ख़

दिव्याहून वसईकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की भिवंडी रोडनंतर खारबाव येतं. या मार्गावर गाड्या मोजक्याच. एक चुकली की फलाटावर बसून स्टेशनची पाटी वाचायला भरपूर वेळ मिळतो. देवनागरीत 'खारबाव', रोमनमध्ये के, एच, ए, आर, बी, ए, ओ. माझी बहीण तिथे राहते, म्हणून ही पाटी मी अनेकदा वाचली आहे. पण तिच्यातली गंमत कळायला माझा भाचा आणि त्याची दादी, दोघंही कारणी लागले.

गेल्या रमज़ानमध्ये इफ्तारला गेलो होतो. भाचा इंजिनिअरिंगला आहे. मोबाइल समोर धरून घशातून काहीतरी चमत्कारिक आवाज काढत बसला होता. आतल्या खोलीतून दादी बाहेर आली. या बाईंनी आयुष्यभर गल्लीतल्या पोरांना कुरआन शिकवला. सगळे त्यांना आपाच म्हणतात. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "माशाअल्लाह, क़ाफ सुधारला की तुझा! कुठल्या कारीसाहेबांचं लावलंयस?"

भाचा हसायलाच लागला. तो क्लिंगॉन शिकत होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'स्टार ट्रेक' नावाच्या अमेरिकन मालिकेत आणि सिनेमांत क्लिंगॉन ही परग्रहावरची लढवय्यी जमात आहे. १९८४ सालच्या सिनेमासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी खरीखुरी व्याकरण असलेली भाषा तयार केली आणि १९८५ साली तिचा कोशही छापला. ओक्रँड हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांचा अभ्यासक. भाषा परकी वाटली पाहिजे, म्हणून त्याने जे आवाज सहसा एकाच भाषेत सोबत नांदत नाहीत ते एकत्र आणले. क्लिंगॉनमध्ये पडजिभेपाशी उमटणारा क़ आहे, ख़ आहे, ग़ आहे. टाळ्याला जीभ वळवून म्हणायचा आपला ड आहे, पण त्याच्या जोडीचा ट मात्र मुद्दाम ठेवलेला नाही. आणि साधा क तर मुळातच नाही! जिभेच्या कडांवरून हवा सोडून म्हणायचा 'त्ल'सारखा एक आवाजही आहे.

हे सगळं भाच्याने मला समजावून सांगितलं. मी आपांना सांगितलं. आपांनी शांतपणे खजूर उचलला आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या मक्तबातली पोरं परग्रहावरचीच म्हणायची."

तिथून माझ्या डोक्यात हा लेख सुरू झाला.

दुर्मीळ कोणासाठी?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ओक्रँडने हे आवाज अरबीतून उचलले असं मला म्हणायचं नाही. क़ हा अमेरिकेतल्या कितीतरी मूळ भाषांतही आहे. पण एक सवय सिनेमावाल्यांमध्ये दिसते. लढवय्ये, टोळीवाले, घोडेस्वार दाखवायचे असले की भाषा घशात उतरते. २०११ साली आलेल्या 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या घोडेस्वार टोळ्यांची दोथ्राकी ऐका. तिच्यातही क़ आणि ख़ आहेत. इंग्रजी कानाला जे आवाज खरखरीत वाटतात ते रानटीपणाची खूण होऊन बसतात. आवाजाचा त्यात काही दोष नसतो.

जगातल्या भाषांच्या रचनेचा एक मोठा नकाशासंग्रह २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात इअन मॅडिसन या ध्वनिशास्त्रज्ञाने 'असामान्य व्यंजनांचा' नकाशा केला आहे. त्याने चार गट धरले. आफ्रिकेतल्या काही भाषांमधले चुटक्यांसारखे क्लिक, ओठ आणि कंठ एकाच वेळी वापरून काढलेले आवाज, घशाच्या भिंतीपाशी उमटणारे आवाज आणि इंग्रजी 'थिंक'मधला थ. आता पाहा. तिसऱ्या गटात अरबीचे ऐन आणि बडी हे येतात. चौथ्या गटात अरबीचे से आणि ज़ाल येतात. म्हणजे भिवंडीतल्या मक्तबात सिपारा घेऊन बसलेलं सहा वर्षांचं पोर जगातल्या चार दुर्मीळ गटांपैकी दोघांशी रोज संध्याकाळी झुंजत असतं. आणि गंमत अशी, की चौथ्या गटातला आवाज इंग्रजीतही आहे. तरी इंग्रजीला कुणी परग्रहावरची भाषा म्हणत नाही.

उलट बाजूही पाहा. आपला ट, ड, ण, ळ हे जीभ वळवून काढायचे आवाज आपल्याला पाण्यासारखे सोपे. युरोपातल्या बहुतेकांना ते जमत नाहीत. ओक्रँडला ड परग्रहावरचा वाटावासा वाटला, आणि इकडे आपण भाजीवाल्याकडे दुधी भोपळा मागताना विचारही करत नाही.

घशापासून ओठांपर्यंत

आवाज कुठून निघतो याचा हिशेब ठेवण्याची विद्या दोन ठिकाणी फार जुनी आहे, आणि दोन्ही ठिकाणांशी आपलं नातं आहे.

एक आपली वर्णमाला. क, च, ट, त, प. कंठापासून सुरू करून टाळू, मूर्धा, दात करत ओठांशी थांबायचं. शाळेत आपण ती पाठ करतो, पण तो तोंडाचा नकाशा आहे हे क्वचितच कुणी सांगतं.

दुसरी बसऱ्याची. खलील इब्न अहमद हे आठव्या शतकातले विद्वान. अरबीचा पहिला मोठा कोश त्यांचा. त्यांनी अलिफ-बे-तेचा क्रम बाजूला ठेवला आणि सगळ्यात खोलून येणाऱ्या आवाजापासून सुरुवात करून ओठांपर्यंत अक्षरं लावली. पहिला मान ऐनचा, म्हणून कोशाचं नावच 'किताबुल ऐन'. आपल्या वर्णमालेशी हे साम्य इतकं आहे की काही अभ्यासकांनी त्यात भारताचा प्रभाव शोधला आहे. तसा पुरावा मात्र सापडलेला नाही. दोन शहाण्या माणसांनी स्वतंत्रपणे आपल्याच तोंडाकडे नीट लक्ष दिलं, एवढंही पुरेसं आहे.

खलील यांचे शिष्य सीबवैह. अरबी व्याकरणाचा पाया घालणारा हा माणूस इराणी होता. अरबी त्याची घरची भाषा नव्हती. अरबीचा प्रत्येक आवाज जिभेच्या कुठल्या भागातून निघतो याचं जे बारीक वर्णन आजही तजवीदच्या पुस्तकांच्या मुळाशी आहे, ते एका बिगर-अरबाने लिहिलं. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या ज्या मुसलमानाला आपल्या उच्चाराची लाज वाटते, त्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

ठिपक्यांचा इतिहासही याच काळाच्या आसपासचा. सुरुवातीच्या अरबी लिखाणात ठिपके जवळजवळ नसत. बे, ते, से एकाच सांगाड्याचे. भाषा घरची होती तोवर निभावलं. इस्लाम अरबस्तानाबाहेर गेला, बिगर-अरब वाचू लागले, आणि अडचण झाली. परंपरा सांगते की अबुल अस्वद दुअली यांनी आधी स्वरांसाठी रंगीत ठिपके दिले. पुढे अक्षरं ओळखायचे ठिपके पक्के झाले आणि खलील यांनी स्वरांसाठी ज़बर, ज़ेर, पेशच्या खुणा आणल्या. म्हणजे ठिपका हा मुळात नवख्या माणसासाठी आहे. ज्याच्या कानात तो आवाज जन्मापासून नाही, त्याचा हात धरण्यासाठी.

पाणिनीचा ख़

ख़ हा 'त्यांचा' आवाज आहे असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. मुसलमानही आणि हिंदूही.

संस्कृतात जिह्वामूलीय नावाचा एक वर्ण आहे. विसर्गापुढे क किंवा ख आला की विसर्गाचा उच्चार जिभेच्या मुळाशी घासून करायचा. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ३७ वं सूत्र त्याचंच आहे. 'दुःख' हा शब्द जुन्या वैदिक पद्धतीने म्हणून पाहा. ख च्या आधी जो घासलेला श्वास येतो तो ख़ च आहे. त्याच सूत्रात प आणि फ च्या आधीचा उपध्मानीय आहे. तो फ़ च्या अगदी शेजारचा. जिह्वामूलीयासाठी लिपीत वेगळी खूणही होती. वापर कमी झाला, खूण पुस्तकात राहिली.

म्हणजे अरब व्यापारी कोकणच्या बंदरांत उतरण्याच्या कितीतरी आधी या देशात ख़ उच्चारला जात होता, आणि तो कसा उच्चारायचा याचा नियमही होता. आवाजाला धर्म नसतो, हे वाक्य मी भाषणात अनेकदा ऐकलं होतं. पुराव्यासह पहिल्यांदाच सापडलं.

मराठीने काय केलं?

आता आपल्या भाषेकडे येऊ. बहामनी काळापासून फारसी शब्द मराठीत येत राहिले. तारीख, खर्च, गरीब, बाग, हक्क, वकील, अर्ज, कागद. बखर हा शब्दसुद्धा 'ख़बर' उलटून झाला असं मानतात. शिवरायांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, दरबारातल्या कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी घरातले आणि बाज़ारातले शब्द राहिलेच. मात्र मराठीने ते आपल्या तोंडात बसवून घेतले. क़ चा क झाला, ख़ चा ख, ग़ चा ग. मोडीत नुक़्ता नव्हताच. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, तोही मराठी मातीतल्या मराठीत.

पण ज चं वेगळं आहे. मराठीत च आणि ज चे दोन-दोन उच्चार आहेत. 'चित्र'मधला च वेगळा, 'चूक'मधला वेगळा. 'जात' म्हणजे जमात, आणि 'तो घरी जात आहे' यातलं 'जात', दोन्ही म्हणून पाहा. पाण्याचा जग आणि सारं जग. लिहायला एक, म्हणायला दोन. त्यामुळे फारसीचा ज़ मराठीला अजिबात परका वाटला नाही. ज़मीन, बाज़ार, मज़ा हे शब्द देशावरचा शेतकरीही ज़ नेच म्हणतो. फक्त ठिपका देत नाही. हिंदीवाल्यांना ज़ साठी ठिपका लागतो आणि तरी कित्येक जण 'जमीन'च म्हणतात. आपण ठिपका न देता बरोबर म्हणतो.

जिथे अडचण येते तिथे मराठी झ वापरते. झेरॉक्स, रझिया, काझी. आणि २००९ साली महाराष्ट्र शासनाने वर्णमाला नव्याने ठरवली तेव्हा ॲ आणि ऑ हे दोन स्वर अधिकृतपणे आत घेतले. इंग्रजी 'बॅट' आणि 'बॉल'ला चंद्र मिळाला. ज़ ला, जो मराठी माणूस रोज तोंडाने म्हणतो, ठिपका मिळाला नाही. ही तक्रार मुसलमानांची नाही. पहिलीतल्या ज्या मुलाला 'जग' कसं वाचायचं हे कळत नाही, त्या प्रत्येक मुलाची आहे.

आपण एकमेकांना हसतो तेव्हा

भिवंडीत उभं राहिलं की हे सगळं एकाच चौकात ऐकू येतं. कोकणी मुसलमान घरात ळ आहे, ण आहे, पण क़ बहुधा क च होतो. उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकर घरांत 'बाळ'चा बाल होतो, 'टिळक'चा तिलक, कारण उर्दूत ळ नाही. मराठवाड्यातला पाहुणा आला तर तो 'क़लम'ला 'ख़लम' म्हणतो. दखनीची ती जुनी सवय आहे. लखनौकडचा माणूस या तिघांनाही हसतो, आणि अरब त्या लखनौवाल्याला, कारण उर्दूत ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय या चार अक्षरांचा आवाज एकच होऊन गेला आहे.

लताबाईंनी स्वतः अनेकदा सांगितलेली गोष्ट आहे. चाळीसच्या दशकात लोकलमध्ये त्यांची दिलीपकुमारांशी ओळख झाली. मुलगी मराठी आहे कळल्यावर ते म्हणाले की मराठी लोकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. लताबाईंना ते लागलं. त्यांनी उर्दू शिकवायला शिक्षक ठेवले. पुढचं सगळ्या जगाने ऐकलं. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण हाच टोमणा उलट दिशेने आला की, म्हणजे एखाद्या मुसलमान पोराच्या 'शाला'ला आणि 'फला'ला वर्ग हसला की, ते पोर मराठीत बोलायचंच सोडून देतं. प्रत्येकाच्या नशिबी ती जिद्द आणि ते शिक्षक नसतात.

ळ लिहिण्यासाठी माणसांनी केलेल्या खटपटी पाहिल्या की हसू येत नाही, आदर वाटतो. गोव्यात फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं. त्या परंपरेत जीभ वळवून म्हणायच्या आवाजासाठी रोमन अक्षर दोनदा लिहायचे, ळ साठी दोन 'एल'. उर्दूने ट आणि ड साठी ते, दालच्या डोक्यावर छोटासा तोय बसवला. १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या ध्वनिशास्त्र परिषदेची जी जागतिक लिपी आहे, तिच्यात या आवाजांच्या अक्षरांना खाली उजवीकडे वळलेली शेपटी देतात. त्याच लिपीत ऐनसाठी, ठिपका काढून टाकलेलं आणि आरशात पाहिलेलं प्रश्नचिन्ह आहे. २०२० साली युनिकोडमध्ये लामच्या डोक्यावर छोटा तोय असलेलं अक्षर दाखल झालं, पंजाबी लिहिणाऱ्यांच्या ळ साठी. ते आता संगणकात आहे. उद्या कुणाला मराठी शब्द उर्दू लिपीत लिहायचा झाला तर ळ ची सोय झालेली आहे.

आणि क़? तो तर रोमन लिपीत आधीपासूनच होता. इंग्रजीतलं 'क्यू' हे अक्षर फिनिशियन लिपीतल्या क़ोफ या अक्षराचं वंशज आहे आणि आपला क़ाफही त्याच घरचा. युरोपात गेल्यावर त्या अक्षराचा आवाज हरवला, आकार उरला. कुरआन हा शब्द रोमनमध्ये 'क्यू'ने लिहितो तेव्हा ते अक्षर तीन हज़ार वर्षांनी माहेरी येतं.

ज़ाल्लीन की दाल्लीन?

सगळ्यात नाजूक गोष्ट आता सांगतो. अरब आपल्या भाषेला 'ज़ादची भाषा' म्हणतात, कारण तो आवाज दुसऱ्या कुणाकडे नाही असा त्यांचा अभिमान. आपल्याकडे सूरह फातिहाच्या शेवटी हेच अक्षर येतं. कुणी ते ज़ च्या बाजूला म्हणतं, कुणी द च्या. यावरून उपखंडात पुस्तिका निघाल्या, वाद झाले, नमाज़ होते की नाही इथपर्यंत गोष्ट गेली.

सीबवैह यांनी या आवाजाचं जे वर्णन केलं आहे ते वाचलं तर दोन्ही बाजू गप्प होतील. जिभेची कड दाढांना लागते आणि आवाज बाजूने निघतो. म्हणजे तो ज़ ही नव्हता आणि द ही नव्हता. त्यात ल ची छटा होती. याची साक्ष स्पेनमध्ये आहे. अरबी 'अल-क़ाज़ी' स्पॅनिशमध्ये गेला तो 'अलकाल्दे' होऊन, अर्थ नगराध्यक्ष. तो मधला ल त्या जुन्या ज़ादचा ठसा आहे. आज बहुतेक अरबांच्या तोंडीही तो आवाज तसा राहिलेला नाही. आपला मराठी काझी, दखनी ख़ाज़ी आणि स्पॅनिश अलकाल्दे ही एकाच शब्दाची तीन लेकरं.

आणि आज जिभेच्या कडेने निघणारा आवाज शिकायला माझा भाचा कुठे जातो? क्लिंगॉनकडे!

मी हे आपांना सांगितलं. मला वाटलं त्या चकित होतील. त्या म्हणाल्या, "अडखळत वाचणाऱ्याला दुप्पट सवाब आहे, एवढं मी पोरांना सांगते. बाकी अल्लाहला सगळ्यांचे आवाज कळतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण मेहनत सोडायची नाही. क़ल्ब म्हणजे काळीज. कल्ब म्हणजे कुत्रा. फरक ठेवायला नको?"

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे त्यांच्याकडून शिकावं.

आखलेल्या भाषांची फसगत

ज्यांनी सगळ्या जगासाठी भाषा बनवली त्यांनाही हा प्रश्न सुटला नाही. १८७९-८० च्या सुमारास जर्मन पाद्री श्लायर यांनी व्होलाप्यूक काढली. अनेकांना र म्हणता येत नाही म्हणून त्यांनी र जवळजवळ टाळला. सोयीपायी ओळखीचे शब्द असे काही तासले गेले की ते कुणालाच ओळखू येईनात. १८८७ साली झामेनहॉफ यांची एस्पेरांतो आली. तिच्यात ख़ साठी एच च्या डोक्यावर टोपी घातलेलं वेगळं अक्षर आहे. पण बोलणाऱ्यांनीच हळूहळू ते टाळलं आणि कितीतरी शब्दांत त्याच्या जागी क आणला. ते आता त्या भाषेतलं सगळ्यात कमी वापरलं जाणारं अक्षर आहे. मराठीने ख़ चं जे केलं तेच एस्पेरांतोने केलं. कुणी हुकूम दिला नव्हता. माणसाचं तोंड आपली वाट शोधतं.

आपल्या कोकणातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांना या दोन्ही टोकांचं भान होतं. त्यांनी एस्पेरांतो शिकून पाहिली. सगळ्या भारतीय भाषा नागरी लिपीतही लिहाव्यात असा आग्रह धरला. आणि कुरआन समजून घ्यायचा तर मूळ अरबीतून, म्हणून अरबी शिकले, पठणाचा उच्चार घटवला आणि 'कुरआन-सार' दिला. एक लिपी सगळ्यांना जोडील असं मानणारा माणूस, पण दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावताना त्याच्या आवाजासाठी कष्ट घेणारा. मला हा मार्ग पटतो.

सातबाऱ्यावरचा ठिपका

हे सगळं मी हौसेने लिहितोय असं वाटेल. तसं नाही.

माझ्या आजोबांच्या नावावर थोडी ज़मीन होती. त्यांचं नाव इथे देत नाही, उदाहरणासाठी 'क़ासिम' समजा. ते सही उर्दूत करत, क़ाफने. मोडी शिकलेल्या कारकुनाने दप्तरात 'कासम' लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी 'कासीम' केलं. रेशनकार्डावर 'काशीम' झालं. पासपोर्टवर रोमनमध्ये 'क्यू', बँकेत 'के'. वारस नोंदीसाठी एका कचेरीत गेलो तेव्हा समोरच्या माणसाने चार कागद ओळीने मांडले आणि विचारलं, "यातले तुमचे आजोबा कोणते?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यापुढे खरोखरच चार माणसं होती. आम्ही स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं की या चारही नावांचा माणूस एकच. दोन फेऱ्यांत काम होईल वाटलं होतं, दीड वर्ष लागलं. ते दीड वर्ष अब्बा नीट झोपले नाहीत. आजकाल कागदावरच्या एका वेलांटीने माणूस परका ठरू शकतो ही भीती ज्या घरांत आहे, त्यांना मी वेगळं काय सांगू?

मग ठिपके द्यावेत का? माझ्या ओळखीत दोन टोकाचे लोक आहेत. एक म्हणतात, मराठीत प्रत्येक फारसी-अरबी शब्दाला नुक़्ता हवा. दुसरे म्हणतात, नुक़्ता दिला की मराठी मुसलमानी होते. पहिल्यांना मी म्हणतो, 'तारीख', 'वकील', 'हक्क' हे आता मराठी शब्द आहेत. त्यांना ठिपके लावून परत पाहुणे करू नका. सातशे वर्षं या घरात राहिलेल्याला पाहुणा म्हणणं आपल्याला तरी शोभत नाही. दुसऱ्यांना म्हणतो, ज़मीन तुम्ही ज़ नेच म्हणता, आणि ख़ पाणिनीच्या सूत्रात आहे.

पण माणसाचं नाव ही वेगळी गोष्ट. नाव ज्याचं त्याने सांगावं आणि लिहिणाऱ्याने तसं लिहावं. आणि एका लिपीतून दुसरीत जाताना ते बदललं, तर तो लिपीचा दोष धरावा, माणसाचा धरू नये. एवढा एक नियम प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर असता तर आमचं दीड वर्ष वाचलं असतं.

जाता जाता एक शब्द. नुक़्ता म्हणजे ठिपका. त्या शब्दातच क़ आहे, म्हणजे नुक़्ता लिहायलाही नुक़्ता लागतो. तो काढला तर उरतो 'नुक्ता'. उर्दूत तोही वेगळा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ, बारीक मुद्दा.

परतताना खारबावच्या फलाटावर पुन्हा पाटीसमोर बसलो. खाडीपट्ट्यातल्या माणसाला खार म्हटलं की मीठ आठवतं. झाडावरची खार वेगळी. आणि ख़ार म्हणजे फारसीत काटा. मराठीत आपण कुणावर 'खार खातो' तो बहुधा हाच काटा. रोमन पाटीवरच्या 'के-एच'ला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला खारबाव आणि ख़ान सारखेच.

गाडी आली. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी नातवाला हाक मारली, "चल रे बाळा." स्पष्ट, वळलेल्या जिभेचा ळ. जगातल्या बहुतेक माणसांना तो म्हणता येत नाही, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं.